नळीतला दगड

मार्च २०१९ मध्ये स्वारगेट येथे मेट्रोसाठी खोदकाम चालू असता जमिनीखाली एक जुने भुयार लागले. ही बातमी पुण्यात पसरावयास फार वेळ लागला नाही. त्या दिवसांत मी संध्याकाळी कालव्याच्या बाजूने फिरावयास निघालो, तो चहाच्या टपरीपाशी इतिहासाचे एक लहानसे संमेलनच भरलेले. कोणी म्हणे, हे शनिवारवाड्यातून पर्वतीस जाणारे पेशव्यांचे गुप्त भुयार. कोणी म्हणे, यातून दोन स्वार जोडीने जात, आणि म्हणूनच या जागेस स्वारगेट हे नाव पडले. एका वयस्क गृहस्थांनी तर नाना फडणविसांच्या ठेव्याचा अदमासही सांगून टाकला. पुढे जाणकारांनी पाहणी केली, आणि हा मार्ग शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्याशी संबंधित असावा असा निर्वाळा दिला. 'पाण्याचं होय!' असे म्हणून आमचे संमेलन जे बरखास्त झाले, ते पुन्हा काही भरले नाही. सप्टेंबर २०२४ पासून त्याच भूमीच्या पोटातून मेट्रोच्या गाड्या धावत आहेत.

मंडळींनी पांगण्याची घाई केली, असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते. खजिन्याच्या भुयाराचा इतिहास एका वाक्यात आटोपतो: कोणी पुरले, कोणी नेले. पाण्याच्या भुयारास मात्र रोजचा इतिहास असतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या खोऱ्यात बांध घालून तेथील पाणी दगडी नळाने पुण्यात आणले. धनकवडी-पद्मावतीकडून, स्वारगेटच्या बाजूने तो नळ शहरात शिरे. त्याने शनिवारवाड्याची कारंजी उडविली आणि पेठांतील हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अद्यापि आहेत; पाणी गेले तरी नावे राहिली. या नळाचा बराचसा भाग माणूस उभ्याने चालू शकेल एवढा उंच आहे. मी विद्यार्थ्यांस नेहमी विचारीत असे की, पाणी जर गुडघाभर वाहावयाचे, तर नळ पुरुषभर उंच कशासाठी? उत्तरे ठरलेली: वैभवासाठी, संकटकाळी निसटून जाण्यासाठी. माझ्या समजुतीप्रमाणे खरे उत्तर अगदी साधे आहे. ज्याने तो नळ बांधला, त्यास ठाऊक होते की आज ना उद्या कोणी तरी कुदळ-घमेले घेऊन आत उतरणार. वाटेवर जे उंचवटे पुणेकर 'उच्छ्वास' या सुंदर नावाने ओळखतात, त्यांचे काम नळातील हवा बाहेर सोडण्याचे खरे. परंतु हवा जेथून बाहेर येते तेथून माणूस आत जाऊ शकतो, ही गोष्टही बांधणाऱ्याने हिशेबात धरलेली होती.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः या नळावर एक व्याख्यान दिले. त्यात नानासाहेब होते, उतार होता, शनिवारवाडा होता. आत उतरून साफ करणारा मनुष्य मात्र नव्हता. व्याख्यानानंतर कोणी त्याची विचारणाही केली नाही.

रोमन लोकांना ही गोष्ट आमच्यापेक्षा अधिक समजली होती असे दिसते. इ. स. ९७ मध्ये नर्व्हा बादशहाने सेक्स्टस जूलियस फ्रॉन्टायनस या अनुभवी सरदारास रोम शहराच्या पाणीखात्याचा मुख्य नेमले. हा गृहस्थ पूर्वी ब्रिटनचा सुभेदार होता. एवढ्या मोठ्या मनुष्याने नळांच्या देखभालीवर पुस्तक लिहावे ही गोष्टच मोठी. पण त्याहून मौजेची गोष्ट ही की, त्याने त्यात मजुरांची मोजदाद दिली आहे. सार्वजनिक तुकडीत २४० गुलाम, बादशहाच्या तुकडीत ४६०, मिळून ७००. पाण्यातून साचणारा थर कधी कधी घट्ट कवच बनतो आणि पाण्याचा मार्ग अरुंद करतो, हेही त्याने नोंदवून ठेवले. तेच कवच जर्मनीत कोलोन शहरास पाणी नेणाऱ्या रोमन नळात शतकभराहून अधिक काळ साचत राहिले. नळ बंद पडल्यावर कित्येक शतकांनी, मध्ययुगातल्या कारागिरांनी ते फोडून काढले, घासून गुळगुळीत केले आणि चर्चच्या खांबांसाठी व फरश्यांसाठी संगमरवराऐवजी वापरले. ज्या दगडाने पाणी अडविले, त्याच्यापुढे लोक गुडघे टेकू लागले.

पाण्यातून दगड निर्माण होतो कसा? पुण्याच्या कोणत्याही जुन्या घरात वाढलेल्या मनुष्यास हे समजावून सांगण्यास रसायनशास्त्राची गरज नाही. तांब्याचा बंब पुरे आहे. आमच्या घरचा बंब दिवाळीपूर्वी चिंचेने घासण्याचे काम मजकडे असे. बाहेरून तो आरशासारखा होई. आत हात घातला की खरखरीत, पांढुरके, अंड्याच्या कवचासारखे पुट लागे. चिंचेचे पाणी आत ओतून ठेवले की बारीक बुडबुडे निघत आणि ते पुट सैल होई. तो बुडबुडा हेच या सबंध प्रकरणाचे बीज आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कर्बाम्लवायू, म्हणजे आजच्या भाषेत कार्बन डायऑक्साइड, आपल्यात सामावून घेते व किंचित आंबट होते. त्या आंबटपणाच्या बळावर ते खडकातील चुना विरघळवून बरोबर घेऊन चालते. जोवर वायू पाण्यात आहे तोवर चुनाही पाण्यात आहे. पाणी तापले, किंवा त्याच्यावरचा दाब उतरला, की सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसे होते: वायू निघून जातो, चुना एकटा पडतो, आणि जेथे असेल तेथेच बसकण मारतो. मीठ-साखर गरम पाण्यात अधिक विरघळतात. या चुन्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, वर्तन नेमके उलट. पाणी जितके गरम तितके त्याचे बस्तान घट्ट.

खडकवासल्याच्या पाण्याने पुणेकरांना या संकटातून बरीच वर्षे दूर ठेवले. कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणे एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत ते धरण झाले आणि मुठेचा उजवा कालवा स्वारगेटाजवळून पूर्वेकडे गेला. सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी खडकात फारसे न मुरता धरणात येते. त्यामुळे ते मऊ, डाळ चटकन शिजणारे. पुढे वस्ती वाढली, नळाचे पाणी पुरेनासे झाले, आणि सोसायट्यांनी बोअर घेतल्या. बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षे राहिलेले ते जड पाणी वर येऊ लागले. त्याच्याबरोबर बंबातले जुने पुट गिझरच्या कॉइलवर येऊन बसले. आगगाडीच्या इंजिनांची कथाही हीच. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर दख्खनच्या विहिरींचे पाणी पिऊन जी इंजिने धावली, त्यांचे बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवावे लागत. कारण पुट चढलेली नळी पाण्यास उष्णता देत नाही, स्वतःच तापून फुटते. तो एक स्वतंत्र विषय आहे, येथे तो सोडून देतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी निम्म्यावर आले. माणसे बोलावून आतील लोखंडी नळ्या उपसल्या. तीन बोटे सहज जातील अशा नळीत करंगळी जाईना. "क्षार धरलाय, काका," असे बोअरवाला म्हणाला, जणू एखाद्या झाडाने फळ धरावे. त्याने कापून दिलेला वीतभर तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. त्याच्या छेदात झाडाच्या बुंध्यात दिसावीत तशी वलये दिसतात: पांढरे, मग तांबूस, पुन्हा पांढरे. तांबूस ते बहुधा लोखंडाच्या गंजाचे. तो तुकडा पाहावयास वरच्या मजल्यावरचे एक शेजारी आले. हातात घेऊन वजन पाहिले, नखाने खरवडले, आणि म्हणाले, "सर, माझं सगळं आयुष्य याच्यात गेलं."

हे गृहस्थ रसायनशास्त्राचे पदवीधर. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी मुंबई हायच्या समुद्रात काढली. चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस घरी. त्यांच्या मातुःश्री 'मुलगा तेलात आहे' असे सांगत, तेव्हा वाड्यातल्या बायका त्यांना शेंगदाणा तेलाचा भाव विचारीत. इतकी वर्षे शेजारी राहूनही मी त्यांस कधी कामाविषयी विचारले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी जे सांगितले व त्यांच्या सांगण्यावरून मी जे वाचले, त्याने माझ्या जुन्या व्याख्यानाची लाज अधिकच वाटू लागली.

सामान्य वाचकाची अशी समजूत असते की तेलाच्या विहिरीतून तेल निघते. ते अर्धे खरे आहे. तेल हे जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. स्पंजात पाणी असावे तसे ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते, आणि त्याच्या खाली व भोवती प्राचीन काळचे खारे पाणी असते. विहीर जुनी होत जाते तसे तेलाबरोबर हे पाणीही वर येऊ लागते, आणि अखेरीस तेलापेक्षा पाणीच अधिक, अशी स्थिती येते. आता हजार-दीड हजार मीटर खोल, प्रचंड दाबाखाली, उष्ण खडकात लाखो वर्षे मुरलेले पाणी काही मिनिटांत वर आणले तर काय होईल? दाब उतरेल, वायू निघून जाईल, आणि बंबात झाले तेच होईल. फरक एवढाच की बंब घासावयास येथे हात आत जात नाही.

अमेरिकेत १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेक याने विहीर खणली, हे शाळेच्या पुस्तकात असते. १८८९ मध्ये आसामात दिग्बोईस तेल लागले, हेही असते. त्या विहिरी पुढे वाहत्या कोणी ठेवल्या, हे कोठेच नसते. हर्मन फ्रॅश हा जर्मन-अमेरिकन रसायनज्ञ भूगर्भातील गंधक गरम पाण्याने वितळवून वर काढण्याच्या पद्धतीमुळे विख्यात झाला; त्याने १८९६ मध्ये आणखी एक पेटंट घेतले होते, चुनखडीतील तेलविहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतण्याचे. आम्लाने चुनखडी विरघळली, तेल वाढले. पण आम्लास दगड आणि लोखंड यांत भेद करता येत नाही. त्याने विहिरीचे लोखंडही खाल्ले, आणि कल्पना मागे पडली. १९२८ च्या सुमारास ओक्लाहोमातील विहिरींत साचलेले पुट काढण्यासाठी लोखंडाचा बचाव करणारे द्रव्य घालून आम्ल वापरण्यात आले. फेब्रुवारी १९३२ मध्ये मिशिगनमधील एका विहिरीत आर्सेनिकचे संयुग मिसळून आम्ल सोडले, आणि तेथून ही पद्धत जगभर रूढ झाली. आमच्याकडे ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजल्या की शेतकरी पाण्यातून पातळ आम्ल सोडतो, ते याच न्यायाने. चिंच, ठिबकचे आम्ल आणि तेलविहिरीचे आम्ल ही एकाच घराण्यातली भावंडे होत.

शेतीशी या विद्येचा आणखीही एक धागा आहे, आणि तो मला फार आवडतो. कॅलिफोर्नियात कालव्याच्या पाण्यातून पिकांना अमोनियाचे खत देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा अमोनिया मिसळताच जड पाण्यातला चुना खाली बसू लागला व नळ्या-तोट्या बुजू लागल्या. रोझेनस्टाइन नावाच्या रसायनज्ञास असे आढळले की, दहा लाख भाग पाण्यात एका विशिष्ट फॉस्फेटचे केवळ काही भाग टाकले तरी चुना बसत नाही. १९३६ मध्ये त्याचे पेटंट झाले. एवढीशी चिमूट एवढ्या चुन्यास धरून तर ठेवू शकत नाही, मग ती करते काय? स्फटिक वाढतो तो आपल्या पृष्ठावरील ठरावीक पायऱ्यांवर नवे कण बसवीत. फॉस्फेटचा कण नेमका त्या पायरीवर जाऊन बसतो आणि पुढच्यास जागा देत नाही. सरकारी कचेरीत एकच माणूस दारात खुर्ची टाकून बसला की सबंध रांग जशी खोळंबते, तसाच हा प्रकार. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातच प्राध्यापक लँगेलियर यांनी दिलेले पाणी चुना सोडील की विरघळवील हे आधीच सांगणारे गणित प्रसिद्ध केले. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेले ते गणित १९५२ मध्ये स्टिफ व डेव्हिस यांनी तेलक्षेत्रातील खाऱ्या पाण्यास लागू पडेल असे केले. नळातील पाण्यासाठी शोधलेली विद्या तेलाच्या कामी आली ती अशी.

मुंबई हायची जन्मकथा आमच्या पिढीस पाठ आहे. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल अडविले, भाव काही महिन्यांत चौपट झाले. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तराफ्याने समुद्रतळास भोक पाडले व तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. टपाल तिकिटावर शोभावी अशी ही गोष्ट आहे, आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु ज्या खडकात ते तेल आहे, तो मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडीचा. उथळ उबदार समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या व शैवालांच्या कवचांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तो घडला. त्या सच्छिद्र चुनखडीने तेल सांभाळून ठेवले. आणि तोच चुना तिच्यातल्या पाण्यात विरघळून नळीच्या वाटेने वर निघाला. ज्या खडकाने तेल दिले, तोच पुढे वाटेत बसला.

पुढे तेल उपसल्याने खडकातील दाब उतरू लागला. तो टिकविण्याकरिता १९८४ पासून समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून, पंपांनी खडकात दाबण्यास आरंभ झाला. हा उपाय जगभर करतात. त्यावाचून गत्यंतरही नाही. मात्र दोन अनोळखी पाणी एकत्र आली की त्यांच्यात सोयरीक जुळेलच असे नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. भूगर्भातील मूळ पाण्यात जेथे बेरियम असते, तेथे सल्फेट भेटताच बेरियम सल्फेट, म्हणजे बराइट, तयार होते. आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते. जिप्सम याच्या हजारपट विरघळते, यावरून कल्पना यावी. चुन्याचे पुट आम्लाने तरी जाते. बराइटवर आम्ल ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उत्तर समुद्रातील मिलर क्षेत्रात एका विहिरीचे रोजचे ३०,००० पिंप उत्पादन या पुटामुळे चोवीस तासांत शून्यावर आले होते. त्या बाजूस समुद्राच्या पाण्यातील सल्फेटच अतिसूक्ष्म पडद्यांनी गाळून काढण्याची योजना पुढे आली. ब्रे क्षेत्रात १९८८ मध्ये तिचा पहिला मोठा वापर झाला.

बराइटची आणखी एक गंमत शेजाऱ्यांनी सांगितली. विहीर खणताना जो चिखल आत खेळवतात, तो जड व्हावा म्हणून त्यात हाच बराइट भुकटी करून घालतात. आंध्रातील मंगमपेट येथे त्याची मोठी खाण आहे. म्हणजे खणताना ज्यास पोती भरभरून विकत आणावयाचे, तोच पुढे न बोलावता नळीत जन्म घेतो. शिवाय तो कधी कधी एकटा येत नाही. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्यास रेडियम सापडले ते बेरियमच्या संगतीत. ही दोन मूलद्रव्ये इतकी सख्खी की त्यांना वेगळे करताना मादाम क्यूरींच्या आयुष्यातली वर्षे गेली. भूगर्भातील पाण्यात रेडियमचा अंश असला तर तोही बराइटच्या स्फटिकात जाऊन बसतो. म्हणून जुन्या नळ्या उपसल्यावर पुष्कळ ठिकाणी किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र आधी फिरवतात, मग माणूस हात लावतो.

"पण सर, कळायचं कसं?" असे विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिले, आणि ते मला कोणत्याही ग्रंथात वाचलेल्या गोष्टीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. विहिरीत तारेला बांधून एक लोखंडी नळकांडे सोडतात; काल जेथवर ते जात होते तेथवर आज गेले नाही, तर समजावे की वाट अरुंद झाली. पण तोवर उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण वर आलेल्या पाण्यात असते. "नवख्या पोराला वाटतं, पाण्यात चुना वाढला म्हणजे धोका. आम्ही मात्र चुना कमी झाला की घाबरायचो. कालपर्यंत येत होता, आज येत नाही. म्हणजे तो गेला कुठं? खाली राहिला." मी पस्तीस वर्षे कागदपत्रांत काढलेला मनुष्य. दफ्तरात जे लिहिलेले आहे त्यावरून आम्ही इतिहास लिहितो. एखादी नोंद वर्षानुवर्षे येता येता एकाएकी थांबली, तर ती कोठे राहिली, असे विचारण्याची बुद्धी आम्हांस क्वचितच होते.

मग उपाय काय? रोझेनस्टाइनच्या चिमटीचीच पुढची रूपे, फॉस्फोनेट वगैरे द्रव्ये, विहिरीतून उलट्या दिशेने खडकात दाबतात, विहीर काही वेळ बंद ठेवतात, आणि खडकास ते द्रव्य धरू देतात. नंतर विहीर सुरू केली की ते कणाकणाने पाण्याबरोबर परत येत राहते व महिनोन् महिने पायऱ्या अडवून बसते. ते संपत आले की पुन्हा तेच. शेजाऱ्यांच्या दैनंदिनीत अशा नोंदी आहेत: विहिरीचा क्रमांक, पाण्यातील कॅल्शियम, बायकार्बोनेट, टाकलेले द्रव्य, पुढची तारीख. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हेलिकॉप्टर येईना तेव्हा याच नोंदी चौदाऐवजी अठरा-एकोणीस दिवसांच्या लागोपाठ दिसतात. पान उलटावे तो पुन्हा तेच आकडे. वाचून कोणास स्फुरण चढणार नाही. मी त्यांस म्हटले, "अहो, हे जपून ठेवा, कोणा संग्रहालयास द्या." ते हसले. "याच्यात काय आहे, सर? काही घडलंच नाही याच्यात." मी उत्तर दिले नाही. काही न घडावे म्हणून तर त्यांना पगार मिळत होता.

आमच्या सोसायटीची कथा थोडक्यात सांगून हा लेख संपवितो. बोअर घेतली त्या वर्षीच्या कमिटीची नावे पंपाच्या खोलीवर फरशीत कोरलेली आहेत. दर दोन वर्षांनी नळ्या काढून साफ कराव्यात असा ठराव शेजाऱ्यांनी दोनदा मांडला होता. दोन्ही वेळा तो पैशांअभावी पुढील सभेवर ढकलला गेला. मोटर जळाली तेव्हा नव्या मोटरीस व नव्या नळ्यांस पैसे निघाले. जुन्या नळ्या भंगारवाल्यास देण्याचे ठरले. तो आला, एक नळी उचलून पाहिली, आणि खाली ठेवली. "काका, हिचं वजन लोखंडाचं नाही. आधी मोकळी करून द्या." मोकळी करून देण्यास कोणी तयार होईना. अखेर त्यानेच फाटकापाशी बसून हातोडीने नळ्या ठोकल्या. दुपारभर तो आवाज चालला होता. संध्याकाळी लोखंड तोलून तो पैसे देऊन गेला. पांढऱ्या दगडाचा ढीग फाटकाबाहेर तसाच पडला होता. त्यातील एक मोठासा तुकडा शेजाऱ्यांनी उचलून घरी नेला.